आपल्याकडे गंज हवेतून येत नाही: खान्देशातल्या अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हा परिषदांचे बांधकाम व ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, तसेच तिन्ही जिल्ह्यांतल्या महापालिका आणि नगरपालिकांचे अभियंते

सप्रेम नमस्कार.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शेडच्या एका बाजूला वेल्डिंग चालतं, दुसऱ्या बाजूला ग्लास फायबरचं काम. माझं घर लोखंड आणि कंपोझिट या दोन्हींवर चालतं. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते विक्रेत्याचं पत्रक समजू नये ही विनंती.

मागणी आधीच मांडतो. पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांमधल्या शिड्या, जलशुद्धीकरण केंद्रातल्या जाळ्या आणि कठडे, क्लोरिनच्या खोलीतलं सगळं जोडकाम आणि सांडपाण्याच्या चेंबरची झाकणं, एवढ्या ठिकाणी अंदाजपत्रकात लोखंड लिहिणं थांबवा आणि काचतंतूंचं कंपोझिट लिहा. घरांचे स्लॅब, शाळांच्या खोल्या, बाजार समितीच्या शेड, रस्त्यावरचे मोठे पूल यांत लोखंड आहे तसंच राहू द्या.

कोकणात समुद्राच्या खाऱ्या हवेनं सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. तिथे कंपोझिट सळईची चर्चा होते ते समजण्यासारखं आहे. आपला मुलूख कोरडा. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर धुळे-अमळनेरच्या हवेत लोखंडाचं गेट रंग न देताही वर्षानुवर्षं उभं राहतं. आपल्याकडे गंज येतो तो आपणच उभ्या केलेल्या पाण्याच्या व्यवस्थेतून. टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर), तुरटी, क्लोरिन वायू, गटारातला कुजका वायू, ओल्या कचऱ्याचं पाणी. गंजाची जागा इतकी नेमकी ठाऊक असताना उपायही तेवढाच नेमका करता येतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात उंच टाकीच्या दुरुस्तीचं काम आमच्याकडे आलं होतं. टाकी रिकामी करून आत उतरलो. तळाजवळच्या पायऱ्या, ज्या कायम पाण्यात बुडालेल्या असतात, त्या बऱ्या होत्या. वरच्या तीन-चार पायऱ्या, स्लॅबच्या खाली, जिथे पाण्यातून उठलेला क्लोरिन कोंडून राहतो, तिथे हात लावला की पापुद्रे सुटून येत होते. मूळ 16 मिलिमीटरची सळई. कॅलिपर लावला तर मध्यावर जेमतेम 9 भरली. टीसीएल टाकायला आणि पातळी बघायला गावचा पाणीपुरवठा कर्मचारी याच पायऱ्यांवरून उतरत होता. तो म्हणाला, "भाऊ, आते हाई शिडीना भरोसा नही." आधी त्यानं ग्रामपंचायतीला सांगितलं होतं, ग्रामपंचायतीनं वर कळवलं होतं. शिडीची दुरुस्ती म्हणून मधल्या काळात तिला एकदा रंग मारला गेला होता, एवढंच.

सुटलेले पापुद्रे कुठे जातात तेही आम्ही पाहिलं. टाकीच्या तळाशी तांबड्या गाळाचा थर होता आणि तिथूनच गावाच्या नळाची पाइप निघते.

जलजीवन मिशन 2019 मध्ये सुरू झालं. त्यानंतर गावोगाव नव्या टाक्या उभ्या राहिल्या, अजूनही राहत आहेत. आज त्यात बसवलेली लोखंडी शिडी पुढच्या काही वर्षांत याच अवस्थेला येईल. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, केली तर जस्ताचा थर संपेपर्यंतचा अवधी मिळतो. स्टेनलेस लावा असं आपल्यापैकी काही जण सांगतात. पण नेहमी मिळणारं 304 प्रतीचं स्टेनलेस क्लोरिनच्या वाफेत टिकत नाही. बारीक खड्डे पडून आतून खाल्लं जातं आणि वरून चकचकीत दिसत राहतं, म्हणून ते मला जास्त धोक्याचं वाटतं. 316 चांगलं, पण त्याचा भाव ऐकून ग्रामपंचायत मागे सरते.

आता कंपोझिट म्हणजे नेमकं काय, हे ज्यांचा या कामाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांच्या मातीत काडी-गवत मिसळतात. ताण काडी घेते आणि माती तिला जागेवर धरून ठेवते. इथे काडीच्या जागी काचेचे तंतू आणि मातीच्या जागी रेझिन, म्हणजे घट्ट होऊन कडक बनणारं चिकट रसायन. शिडीसाठी लागतं ते पल्ट्रुजनचं प्रोफाइल. काचेचे शेकडो दोरे रेझिनमध्ये बुडवून तापलेल्या डायमधून सलग ओढतात आणि पलीकडून अँगल, चॅनेल, चौकोनी पाइप तयार होऊन बाहेर पडतो. लोखंडाची घनता 7,850 किलो प्रति घनमीटर, याची 1,900 च्या आसपास. क्लोरिन, तुरटी, गटारवायू यांचा योग्य रेझिनवर फारसा परिणाम होत नाही. वीजही वाहत नाही, त्यामुळे महावितरणच्या लाइनमनसाठीही याच मालाच्या शिड्या वापरतात.

हे नवखं साहित्य आहे असं कोणी समजू नये. तेजस विमानाच्या सांगाड्याचं वजनाने 45 टक्के अंग कंपोझिटचं आहे. इंडियन ऑइलनं 2021 मध्ये काचतंतू गुंडाळलेला घरगुती सिलिंडर बाजारात आणला. आणि साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर ज्या पवनचक्क्या फिरतात, त्यांची पाती काचतंतू आणि रेझिनचीच आहेत. खान्देशचं ऊन, वारा आणि पाऊस झेलत ती वर्षानुवर्षं फिरत आहेत. याहून मोठी चाचणी आपल्या डोळ्यांसमोर दुसरी कोणती हवी?

तरीही या साहित्याच्या अडचणी तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. कंपोझिटची कामं बिघडतात ती बहुतेक वेळा एकाच कारणानं. लोखंडाचं ड्रॉइंग घेतलं जातं, "एमएस" (साधं लोखंड) खोडून "एफआरपी" (काचतंतूंचं कंपोझिट) लिहिलं जातं आणि मापं तीच ठेवली जातात. लोखंडाचा लवचिकता गुणांक, म्हणजे कडकपणाचं माप, 200 गिगापास्कलच्या वर. पल्ट्रुजनच्या चांगल्या प्रतीच्या प्रोफाइलचा 23. म्हणजे ताकद पुरेशी असली तरी त्याच मापाचा अँगल जवळपास नऊपट जास्त वाकतो. शिडी तुटत नाही, पण चढणाऱ्याच्या पायाखाली ती थरथरते आणि एकदा माणूस घाबरला की तो पुन्हा तिच्यावर चढत नाही. म्हणून छेद बदलावा लागतो. अँगलऐवजी चौकोनी पाइप घ्यायचा, खोली वाढवायची, आधार जवळ जवळ द्यायचे. असा छेद वाढवल्यावर वजन एक चतुर्थांश राहत नाही, थोडं वर जातं. तेवढं चालतं.

दुसरी गोष्ट, लोखंड तुटण्याआधी वाकून सूचना देतं, कंपोझिट तशी सूचना देत नाही. त्यामुळे सुरक्षेचा गुणक मोठा धरावा लागतो. जोड वेल्डिंगनं होत नाही, बोल्ट आणि चिकटद्रव्य लागतं. कापलेल्या प्रत्येक कडेला आणि पाडलेल्या प्रत्येक भोकाला रेझिनचा हात द्यावाच लागतो, नाहीतर तंतूंच्या वाटेनं पाणी आत शिरतं. साइटवरचा माणूस हेच नेमकं विसरतो. बिल काढण्यापूर्वी तुमच्या शाखा अभियंत्यानं बोटानं प्रत्येक भोक तपासावं, इतकं हे महत्त्वाचं आहे.

याच कारणासाठी काचतंतूंच्या सळईबद्दल मी सावध आहे. भारतीय मानक ब्यूरोनं 2023 मध्ये आयएस 18256 हे मानक काढलं आणि तेव्हापासून "स्टीलच्या दुप्पट ताकद" असं सांगत विक्रेते फिरत आहेत. ताणातली ताकद जास्त आहे हे खरं. पण कडकपणा लोखंडाच्या साधारण पाव, साइटवर वाकवता येत नाही, रिंगा कारखान्यातूनच वाकवून आणाव्या लागतात, आणि आगीत रेझिन मऊ झालं की काँक्रीटवरची पकड सुटते. 1938 साली सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. भूकंपात इमारत वाचते ती सळईच्या ताणून लांब होण्याच्या गुणावर, आणि तो गुण या सळईत नाही. शाळेच्या किंवा दवाखान्याच्या कॉलममध्ये ती घालायचा प्रस्ताव कोणी आणला तर कृपया मान्य करू नका. शुद्धीकरण केंद्राच्या जमिनीवरच्या फरशीत, क्लोरिनच्या खोलीच्या तळात जरूर वापरून बघा.

आपल्या उन्हाबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण पुण्या-मुंबईच्या कन्सल्टंटच्या स्पेसिफिकेशनमध्ये ते नसतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला सावलीतला पारा 45 च्या पुढे जातो. उन्हात पडलेल्या गडद रंगाच्या पत्र्याचं तापमान 60-65 ला सहज पोचतं. साधं ऑर्थो पॉलिस्टर रेझिन 60 ते 70 अंशांच्या दरम्यान नरम पडायला लागतं. म्हणजे स्वस्तातलं झाकण जानेवारीत कसोटीला उतरेल आणि मे महिन्यात ट्रॅक्टरच्या चाकाखाली बसेल. उघड्यावरच्या कामाला किमान आयसो रेझिन, क्लोरिनजवळ व्हिनाइल एस्टर, रंग फिकट राखाडी किंवा पांढरट, आणि वरून अतिनील किरणांपासून वाचवणारा थर, हे निविदेत शब्दांत लिहिलेलं हवं. तो थर नसेल तर दोन-तीन उन्हाळ्यांत पृष्ठभाग पांढरा पडतो, काचेचे तंतू उघडे पडतात आणि कठड्यावर हात ठेवला की ते टोचतात.

माल बनवतानाही हेच ऊन आडवं येतं. उन्हाळ्यात आमच्या शेडमध्ये हार्डनरचं (रेझिन घट्ट करणाऱ्या रसायनाचं) प्रमाण नेहमीसारखं ठेवलं तर ब्रश फिरवेपर्यंत रेझिन डब्यातच जेल होतं. म्हणून आम्ही हार्डनर कमी करतो आणि मोल्डवरचं काम पहाटे उरकतो. जो ठेकेदार भर दुपारी लेअर मारतो त्याच्या मालात थर नीट भिजत नाहीत, मध्ये हवा राहते. ती ओळखायला साधं नाणं पुरतं. नाण्यानं ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर भरीव, बद्द आला तर थर सुटलेले.

मालात भेसळही होते. रेझिन महाग, काच महाग, म्हणून खडूची पावडर घालून जाडी वाढवतात. ती पकडायला मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. तुमच्या जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा शासकीय तंत्रनिकेतनात भट्टी असते. तुकडा वजन करून 600 अंशांच्या आसपास जाळायचा. रेझिन उडून जातं, काच उरते. पल्ट्रुजनच्या प्रोफाइलमध्ये वजनाच्या निम्म्याहून जास्त काच निघायला हवी, हातानं केलेल्या मॅटच्या कामात 30 टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या राखेवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. फेस आला की खडू. रेझिन पूर्ण पक्कं झालं की नाही ते बारकोल नावाच्या हातातल्या उपकरणानं दोन मिनिटांत कळतं. कंपनीनं दिलेल्या आकड्याच्या 90 टक्के तरी यावं. आणि माल पिण्याच्या पाण्यात जाणार असेल तर फूड ग्रेड रेझिन आणि कारखान्यातच गरम हवेत पुन्हा पकवलेला माल, याशिवाय घेऊ नका. स्टायरीनचा (रेझिनमधल्या द्रावकाचा) वास येणारी शिडी टाकीत उतरवणं हा गावावर अन्याय आहे.

आता मुद्दा तुमच्या हातातला. लोखंडी कामाचं मोजमाप एमबीत (मोजमाप पुस्तकात) किलोनं आणि टनानं चढतं. दरसूचीत दर वजनावर. वजनावर पैसे मिळत असतील तर हलकी वस्तू लावायला कोण पुढे येईल? कंपोझिटची शिडी रनिंग मीटरवर, जाळी चौरस मीटरवर आणि झाकण नगावर मोजलं जावं, आणि झाकणाच्या दरासोबत भारही लिहिला जावा: पदपथाला 12.5 टन, ट्रक जाणाऱ्या रस्त्याला 40 टन. एवढी दुरुस्ती झाल्याशिवाय तांत्रिक मान्यतेत हे साहित्य शिरणारच नाही. दर मागताना पहिल्या दिवसाची किंमत आणि पंधरा वर्षांतल्या रंगकामासह, बदलासह, टाकी रिकामी ठेवावी लागलेल्या दिवसांसह होणारी किंमत, अशा दोन्ही रकमा ठेकेदाराकडून मागवा. पहिल्या रकमेत कंपोझिट हरेल. दुसरीत, टाकीच्या आतल्या कामाला, ते हरणार नाही असं मी खात्रीनं सांगतो.

झाकणांबाबत आणखी एक. बिडाची झाकणं चोरीला जातात कारण भंगारात त्यांना भाव मिळतो. उघड्या चेंबरमध्ये रात्री दुचाकी जाते. कंपोझिटच्या झाकणाला भंगारवाला हात लावत नाही.

नगरपालिकांच्या वाहनांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. घंटागाडीचा डबा खालून सडतो हे खरं, पण तिथे पूर्ण कंपोझिट डबा मी सुचवणार नाही. फावडं, विटा-दगड, हायड्रॉलिकचा धक्का यांनी तो लवकर फाटेल. लोखंडी डब्याला आतून तळाशी जाड अस्तर पुरे. पाण्याच्या टँकरची गोष्ट निराळी. दोन अॅक्सलच्या ट्रकचं एकूण वजन कायद्यानं 18.5 टन. टाकी जितकी हलकी तितकं पाणी जास्त, आणि उन्हाळ्यात पारोळा, शिंदखेडा भागात टँकरची वाट बघणाऱ्या बायांना ते जास्तीचं पाणी मोजून मिळेल. चॅसिस लोखंडाचीच, टाकी कंपोझिटची, मध्ये रबराचं पॅकिंग, आतून पाण्याचा हेलकावा तोडणारे पडदे. हाच हिशेब केळीच्या गाड्यांनाही लागू होतो. रावेर-सावद्याची केळी दूरच्या बाजाराला 13-14 अंशांवर न्यायची तर पफ (थंडी राखणारा फोम) भरलेल्या एफआरपी पॅनलची बंद बॉडी लागते; पॅनल हलकं झालं की तेवढी केळी वाढते. माणसं बसतात त्या गाड्यांत, म्हणजे रुग्णवाहिकेत किंवा बसमध्ये, आग रोखणारं रेझिन असल्याचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय एक पॅनलही बसवू देऊ नका. साधं रेझिन पेटलं की काळा विषारी धूर होतो.

नंदुरबार जिल्हा परिषदेकडे एक वेगळी विनंती आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कितीतरी पाड्यांना पावसाळ्यात नाला आडवा येतो. तिथे क्रेन जात नाही, वेल्डिंग सेट नेणं मुश्कील, म्हणून साकव रखडतो. स्कॉटलंडमध्ये अॅबरफेल्डी इथे टे नदीवर 1992 मध्ये पायी जाण्याचा पूल कंपोझिटनं बांधला. लांबी 113 मीटर, मधला गाळा 63 मीटर. आपल्याला दहा-बारा मीटरचा गाळा हवा आहे. त्याचे भाग चार माणसं खांद्यावर नेऊ शकतील आणि पान्यांनी जोडू शकतील. मात्र हलका पूल पुरात लवकर उचलला जातो, म्हणून तो पुराच्या सर्वांत वरच्या खुणेच्याही वर आणि खडकात खोल अँकर करूनच बसवावा. फाल्गुन-चैत्रात डोंगरात वणवा लागतो. पुलाच्या दोन्ही टोकांचं गवत त्याआधी काढण्याची जबाबदारी कागदावर कुणाच्या तरी नावे हवी.

केळीच्या खोडाच्या धाग्याचं काय, असं मला नेहमी विचारतात. घड उतरला की खोड बांधावर पडतं, त्यातून चांगला धागा निघतो. केळीच्याच कुळातल्या अबाका या झाडाचा धागा मर्सिडीजनं आपल्या ए-क्लास गाडीच्या खालच्या झाकणात वापरला होता. पण हा धागा पाणी पितो. दाराच्या आतलं पॅनल, छताची पट्टी, बाकाची पाठ इथपर्यंत ठीक. ज्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे तिथे नको. विद्यापीठानं यावर जरूर काम करावं, शेतकऱ्याला मात्र आजच स्वप्न विकू नये.

दुरुस्तीची शंका तुमच्या मनात असणारच. वेल्डर गावोगाव आहे, फायबरवाला नाही. पण पवनचक्कीच्या पात्यांची दुरुस्ती दोरावर लटकून करणारे तंत्रज्ञ असतात, आणि त्यांचं कौशल्य हेच: खराब भाग उतारानं घासायचा, अॅसिटोननं पुसायचा, थरावर थर चढवायचा, दाबून हवा काढायची. आयटीआयच्या वेल्डर मुलाला हे काही आठवड्यांत येतं. त्याच्याबरोबर हेही शिकवलं जावं की कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते रसायन) आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करायचे नाहीत, स्फोट होतो. आणि ग्राइंडिंग करताना मास्क उतरवायचा नाही.

आयुष्य संपल्यावर लोखंड जालन्याच्या भट्टीत जाऊन पुन्हा सळई होतं. काचतंतूंच्या मालाचं तसं होत नाही. जर्मनीत पवनचक्कीची जुनी पाती तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत वापरतात. रेझिन जळण होतं आणि काच सिमेंटमध्ये जाते. आपल्याकडे निविदेतच अट घाला की पुरवठादार काढलेला माल परत नेईल आणि कुठे नेला त्याची पावती देईल. कचरा डेपोवर तो जाळला गेला तर आपण एक त्रास घालवून दुसरा आणला असं होईल.

पुढच्या वर्षाची अंदाजपत्रकं बनण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातून एक कनिष्ठ अभियंता दोन दिवसांसाठी आमच्यासारख्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये पाठवा. माझंच असावं असा आग्रह नाही. त्यानं स्वतःच्या हातानं एक लेअर मारावा, एक तुकडा जाळावा, एक प्रोफाइल भार टाकून वाकवून मोजावं. प्रत्येक जिल्ह्यात फक्त तीन टाक्या निवडा: एक नवी, एक दुरुस्तीची आणि एक जिचा क्लोरिनचा डोस जास्त आहे अशी. बसवल्याची तारीख, रेझिनचा प्रकार आणि काचेचं प्रमाण टाकीवर रंगानं लिहा आणि दर उन्हाळ्यानंतर तपासणीचा कागद जिल्हा परिषदेच्या फलकावर लावा. चाचणीसाठी लागणारे तुकडे आणि प्रोफाइल मी विनामूल्य देईन. त्या बदल्यात कुठल्याही निविदेत मला प्राधान्य नको.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक फॅब्रिकेटर
औद्योगिक वसाहत, जळगाव